त्यागाची अट

मनुष्याची पारख कशी करावी, हा प्रश्न फार प्राचीन आहे. सोने कसोटीच्या दगडावर घासून पाहता येते, नाणे वाजवून घेता येते, बाजारात बैलाचे दात मोजता येतात. परंतु समोर बसलेल्या माणसाच्या अंतःकरणात काय आहे, हे अर्ध्या तासात जाणून घेण्याचे साधन आजवर कोणाला सापडलेले नाही. शमुवेल संदेष्टा इशायच्या घरी राजा निवडण्यासाठी गेला, तेव्हा थोरल्या मुलाचे रूप आणि उंची पाहून तोही क्षणभर फसला होता. ज्याची निवड व्हायची होती तो धाकटा मुलगा तर त्या वेळी घरातही नव्हता. तो रानात मेंढरे राखीत होता.

नोकरीची मुलाखत हा या पारखीचा आजचा प्रकार होय. व्यापारी कंपनीतील मुलाखतीचा हिशेब सरळ असतो. तिला तुमचे कौशल्य हवे असते, तुम्हांला तिचा पगार हवा असतो. दोन्ही बाजू ते जाणून असतात आणि त्यात कोणाला लाज वाटत नाही. सेवाभावी संस्थेच्या टेबलावर मात्र एक तिसरी वस्तू ठेवलेली असते. तिचे नाव त्याग. उमेदवाराला काय येते आणि त्याला काय हवे आहे, याखेरीज तो काय सोडायला तयार आहे, हेही तेथे विचारले जाते. हा प्रश्न विचारण्याचा अधिकार संस्थेला आहे काय? असल्यास कोठपर्यंत? आणि ज्याच्यापाशी सोडण्यासारखे काहीच नाही, त्याने या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? या लेखात आम्हांला याच प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

चार रस्त्यांचे गाव

हा विचार करताना आमच्या डोळ्यांपुढे बीड जिल्ह्यातील मांजरसुंबा हे गाव आहे. बीडहून दक्षिणेकडे निघाले की बालाघाटचा घाट चढून आपण या गावी येतो. येथे रस्ते फुटतात. एक उत्तरेस बीडवरून छत्रपती संभाजीनगरकडे जातो, एक दक्षिणेस चौसाळ्यावरून धाराशिव, तुळजापूर आणि सोलापूरकडे. पूर्वेचा रस्ता नेकनूर, केज करीत अंबाजोगाईस पोहोचतो. पश्चिमेचा पाटोद्यावरून जामखेडला. मन्मथस्वामींच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेले कपिलधार येथून जवळच आहे. यात्रेकरू, मालमोटारी, ऊसतोड मजुरांनी भरलेले ट्रॅक्टर आणि हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत प्रमाणपत्रे घेतलेले तरुण, असे सारेच या चौकात गाडीची वाट पाहत उभे असतात.

या रस्त्यांच्या टोकांना सेवाकार्याची मोठी परंपरा आहे. पूर्वेस अंबाजोगाईला डॉ. द्वारकादास लोहिया यांनी उभारलेली ‘मानवलोक’ संस्था आहे. पश्चिमेस जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दक्षिणेस तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचे ग्रामीण केंद्र आहे. यांखेरीज लहानमोठ्या संस्था तर किती तरी. पाणलोट, बचतगट, अनाथ मुलांचे संगोपन, स्थलांतरित मजुरांच्या मुलांचे शिक्षण अशी त्यांची कामे आहेत, आणि या कामांसाठी माणसे लागतात. कोरडवाहू शेती, वारंवार पडणारा दुष्काळ आणि कारखानदारीचा अभाव अशा मुलखात पदवी घेतलेल्या मुलामुलींना संस्थेतली नोकरी ही फार मोठी आशा असते. ज्याच्या आईवडिलांनी दर हिवाळ्यात हातात कोयता घेऊन गाव सोडले, त्या मुलाच्या दृष्टीने संस्थेच्या कार्यालयातील खुर्ची ही त्याच्या घराण्यातली पहिली खुर्ची असते.

टेबलापलीकडून

अशा मुलाखती देऊन आलेल्या काही तरुण-तरुणींशी बोलण्याचे प्रसंग आम्हांला आले. त्यांनी सांगितलेले अनुभव कोणा एका संस्थेचे नाहीत, आणि वर ज्यांची नावे घेतली त्यांच्याशी तर त्यांचा काहीही संबंध नाही. त्या अनुभवांत इतके साम्य आढळले की व्यक्तींपेक्षा पद्धतीचाच विचार करावा असे आम्हांस वाटले.

बालाघाटच्या माथ्यावरील एका वस्तीत वाढलेल्या मुलीला विचारण्यात आले, “तुम्हांला खेड्यात राहणे जमेल का?” तिने आयुष्यात एकही रात्र शहरात काढलेली नव्हती. क्षणभर तिला हसू आले; पण हसणे उद्धटपणाचे दिसेल म्हणून ती नम्रपणे “हो सर, जमेल” एवढेच म्हणाली. विचारणाऱ्यांनी त्यांच्या वहीत काय नोंदले, ते त्यांनाच ठाऊक.

पगाराचा विषय निघाला की उमेदवार कात्रीत सापडतो. “तुमची अपेक्षा काय?” असा प्रश्न येतो. आकडा सांगितला तर लगेच दुसरा प्रश्न येतो, “तुम्ही पगारासाठी आला आहात की कामासाठी?” आकडा सांगितला नाही तर सर्वांत लहान आकडा पदरी पडतो. जाहिरातीत वेतनाचा उल्लेख नसतो. ‘संस्थेच्या नियमानुसार मानधन’ एवढेच शब्द असतात. एका तरुणाने आम्हांला सांगितले की पहिल्या मुलाखतीत तो खरे बोलला, “घरी आई आजारी आहे, बहिणीचे शिक्षण चालू आहे, मला नोकरीची गरज आहे.” त्याला पुन्हा बोलावणे आले नाही. पुढच्या ठिकाणी त्याने लहानपणापासून समाजसेवेची ओढ असल्याचे सांगितले, आणि तो निवडला गेला. तो काम उत्तम करतो. पण त्या पहिल्या दिवशी आपण काय शिकलो, ते तो विसरलेला नाही.

स्त्री उमेदवारांचे अनुभव आणखी वेगळे आहेत. अविवाहित असेल तर “लग्न कधी करणार?”, विवाहित असेल तर “मूल कधी?”, मूल असेल तर “दौऱ्यावर गेल्यावर त्याला कोण सांभाळणार?” पुरुष उमेदवाराला त्याच्या मुलांविषयी असे प्रश्न विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. शिवाय आडनाव ऐकताच “मूळ गाव कोणते? गावात कोणत्या बाजूला घर?” असे आडवळणाने जात काढून घेणारे प्रश्नही असतात. मराठवाड्यातल्या माणसाला त्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

काही ठिकाणी माणूस आधीच ठरलेला असतो. देणगीदारास कागद दाखवायचे असतात म्हणून मुलाखती होतात. पंधरा उमेदवार सकाळी दहापासून बसलेले असतात. प्रत्येकाला पाच मिनिटे मिळतात आणि “कळवतो” या एका शब्दावर सारे संपते. तो शब्द घेऊन माणूस घरी जातो आणि महिनाभर फोनकडे पाहत राहतो. नकाराचे दुःख पुष्कळजण पचवितात. न आलेल्या उत्तराचे दुःख पचविणे अवघड असते.

चांगले अनुभवही आहेत आणि ते सांगणे आमचे कर्तव्य आहे. एका लहान संस्थेने उमेदवारांना एक दिवस वस्तीवर नेले, सर्वांसोबत जेवू घातले, बसभाडे दिले आणि संध्याकाळी प्रत्येकाला बाजूला घेऊन त्याच्या जमेच्या आणि उणिवेच्या गोष्टी सांगितल्या. ज्याला नकार मिळाला असा एक मुलगा आजही त्या संस्थेविषयी आदराने बोलतो. नोकरी तर दोन्हीकडे मिळाली नाही. मग हा फरक कशाचा, याचा विचार व्हायला हवा.

अर्पण आणि वसुली

संस्थांची बाजूही आपण नीट ऐकली पाहिजे. सेवेचे काम हे केवळ आठ तासांचे काम नव्हे. कुपोषित मूल रात्री आजारी पडते, पूर सुटीच्या दिवशी येतो. ज्याला माणसांविषयी ममत्व नाही अशा मनुष्याच्या हाती अनाथांचे घर सोपविणे धोक्याचे आहे. शिकवून तयार केलेले कार्यकर्ते दुसरी नोकरी मिळताच निघून जातात, ही चालकांची तक्रारही खोटी नाही. पैशाची अडचण तर असतेच. देणगीदाराला आपले नाव धरणाच्या भिंतीवर किंवा शाळेच्या खोलीवर हवे असते. कार्यकर्त्याच्या पगारावर कोणी आपले नाव कोरीत नाही. परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. तेव्हा संस्थेने उमेदवाराच्या निष्ठेची चौकशी करावी, यात गैर काहीच नाही.

गैर आहे ते पुढेच. त्याग ही अर्पण करण्याची वस्तू आहे, वसूल करण्याची नव्हे. मनुष्य आपले काही स्वेच्छेने देतो तेव्हा त्याला त्याग म्हणतात; तेच दुसऱ्याने अट म्हणून काढून घेतले की त्याचे नाव बदलते. आरोळे दांपत्य अमेरिकेतील उच्च शिक्षण पुरे करून जामखेडसारख्या दुष्काळी गावी आले. तो त्यांचा त्याग होता, कारण त्यांना दुसरा मार्ग मोकळा होता. ज्याला दुसरा मार्गच नाही अशा बेकार तरुणाने तुटपुंज्या मानधनास मान डोलावली, तर तो त्याग नव्हे, ती अगतिकता होय. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली कामगारांच्या प्रश्नावर काढलेल्या परिपत्रकात हाच विचार मांडला होता. गरजेपोटी किंवा अधिक वाईटाच्या भयाने मजूर कठीण अटी मान्य करतो, तेव्हा त्याची संमती असली तरी तो अन्यायच असतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. कराराच्या वर नैसर्गिक न्याय असतो.

संस्थापकाने केलेला त्याग हा संस्थेचा वारसा आहे. पण तो कर्मचाऱ्यांकडून हप्त्याहप्त्याने फेडून घ्यावयाचे कर्ज नाही. ‘आम्ही झोपडीत राहून काम सुरू केले’ हे वाक्य ऐकणाऱ्यास प्रेरणा देते. तेच वाक्य पगाराचा विषय निघाल्यावर उच्चारले की ते तोंड बंद करण्याचे साधन होते. वाक्य तेच असते, स्थान बदलते.

‘मानधन’ हा शब्दही असाच तपासून पाहण्यासारखा आहे. मान आणि धन दोन्ही देणारा तो शब्द. व्यवहारात मात्र धन कमी पडते तेव्हा मान पुढे केला जातो. एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली सुरू झाली. तिच्यातील अंगणवाडी सेविकांना पगार नव्हे, मानधन मिळत आले. या सेविकांना उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळण्याचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट करण्यास २०२२ साल उजाडावे लागले. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेल्या आशाताईंनाही ‘स्वयंसेविका’ म्हणूनच कामावर घेण्यात आले, आणि महाराष्ट्रातील आशाताईंना योग्य मोबदल्यासाठी पुन्हा पुन्हा संपावर जावे लागले. सेवा या पवित्र शब्दाच्या आडोशाने श्रमाची किंमत कमी करण्याची सवय एकट्या संस्थांची नाही; सरकारचीही आहे, समाजाचीही आहे.

मुकादमाचा व्यवहार

बीड जिल्ह्यात माणसे कामावर घेण्याची सर्वांत मोठी पद्धत कोणत्याही कार्यालयात चालत नाही. ती चालते मुकादमाच्या दारी. ऊसतोडीच्या हंगामाआधी मुकादम येतो, नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’ असे गणित मांडतो, ‘उचल’ देतो आणि हंगामभर राबून ती उचल फेडायची असा व्यवहार ठरतो. एक दिवस काम चुकले की ‘खाडा’ धरला जातो आणि पैसे कापले जातात. हा व्यवहार कठोर आहे. तो माणसाला कर्जात बांधतो. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ साली नेमलेल्या समितीपुढे जी पाहणी आली, तीनुसार जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. कामाच्या गणितात स्त्रीचे शरीर हीच एक अडचण ठरली की काय घडते, ते या आकड्यात दिसते.

मुकादमाची पद्धत आम्ही येथे आदर्श म्हणून मांडीत नाही, हे उघड आहे. परंतु तिच्याशेजारी सेवाभावी संस्थेची मुलाखत ठेवली की दोन गोष्टी मनाला बोचतात. पहिली अशी की मुकादम निदान रक्कम आधी सांगतो. त्याच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला आपण पैशासाठी आलो आहोत हे लपवावे लागत नाही. दुसरी अशी की मुलाखतीत “मूल कधी?” असे विचारणारा सज्जन मनुष्य, नकळत का होईना, खाड्याचेच गणित करीत असतो. ज्या संस्थेचे ध्येय ऊसतोड स्त्रियांची सोडवणूक हे आहे, तिच्या टेबलावर हे गणित मांडले जावे, यापरता विरोधाभास कोणता?

निवड गावाने केली

मग पारख करावी तरी कशी? या प्रश्नाचे एक उत्तर मांजरसुंब्याहून पश्चिमेस जाणाऱ्या रस्त्यावरच सापडते. जामखेड प्रकल्पाच्या आरंभी आरोळे दांपत्याने गावोगाव काम करण्यासाठी प्रशिक्षित परिचारिका नेमून पाहिल्या. त्यांच्यापाशी प्रमाणपत्रे होती. पण त्या गावाला परक्या होत्या आणि गाव त्यांना परके होते. तो प्रयोग नीट चालला नाही. तेव्हा गावांनीच आपल्यातील एकेक स्त्री निवडून द्यावी असे ठरले. निवडून आलेल्या स्त्रियांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातल्या होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या वा विधवा होत्या. कोणत्याही मुलाखतीत त्या पहिल्या पाच मिनिटांत बाद झाल्या असत्या. त्या जामखेडला येऊन शिकत, वेगवेगळ्या जातींच्या असूनही एकत्र जेवत, एकत्र राहत, आणि गावी परतून बाळंतपणे, लसीकरण, मुलांचा आहार यांची कामे करीत. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या सन्मानात या स्त्रियांचा वाटा मोठा होता. त्यांच्यापैकी मुक्ताबाई पोळ १९८८ साली वॉशिंग्टन येथे आरोग्यविषयक परिषदेत बोलल्या. सभागृहातील झगमगत्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितले की डॉक्टर या दिव्यांसारखे असतात, सुंदर पण महाग; आम्ही साध्या पणत्या आहोत, पण एक पणती दुसरी पणती उजळू शकते.

जामखेडचे हे उदाहरण वेतनाचे नसून निवडीचे आहे, हे आम्ही जाणतो. त्यातून शिकावयाचे ते एवढेच की ज्या माणसांसाठी काम करायचे आहे, त्यांनाच माणूस पारखू द्यावा. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे दगावली. त्यानंतरच्या घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहाय्यक’ म्हणून नेमण्यात आल्या. शासन, अभियंते आणि कुटुंबे यांच्यामध्ये दुवा होण्याचे काम त्यांनी केले. त्याही पदवीधर नव्हत्या. पण कोणाच्या भिंतीला तडा गेला आहे आणि कोणाच्या मनाला, हे त्यांना ठाऊक होते.

या दोन्ही प्रसंगी उमेदवाराला ‘तुम्ही सेवा का करू इच्छिता?’ असे विचारावे लागले नाही. शेजाऱ्यांना तिचे उत्तर माहीत होते. कोण रात्री उठून बाळंतिणीकडे जाते, हे सांगण्यास गावाला अर्ध्या तासाची मुलाखत लागत नाही. प्रत्येक संस्थेला अशी निवड करता येईलच असे नाही; हिशेबनीस आणि अभियंता गावाने निवडून कसा द्यावा? तरीही निवड समितीत वस्तीतली एखादी अनुभवी स्त्री बसविणे, उमेदवाराला एक दिवस लोकांत पाठविणे आणि नंतर लोकांना विचारणे, हे कोणत्याही संस्थेला शक्य आहे.

आपल्या दारी

हा विषय आपल्या कुटुंबांपासून दूर नाही. आपल्या धर्मग्रामांतून शाळा, दवाखाने, वसतिगृहे आणि समाजकेंद्रे चालतात. आपली मुले तेथे उमेदवार म्हणून जातात, आणि आपल्यापैकीच काहीजण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतात. तेथे एक वेगळीच वस्तू उमेदवाराच्या हाती दिसते: चिठ्ठी. कोणा धर्मगुरूंची, कोणा ओळखीच्या विश्वस्ताची. चिठ्ठी देणाऱ्याचा हेतू बहुधा चांगला असतो. त्याला एका गरजू घराची कणव आलेली असते. परंतु ज्याच्याकडे चिठ्ठी नाही तोही कोणाचा तरी मुलगा असतो, आणि पुष्कळदा तोच अधिक गरजू असतो, कारण चिठ्ठी मागावी इतकीही कोणाची ओळख त्याला नसते. चिठ्ठीत उमेदवाराविषयी खरी माहिती असेल तर ती साक्ष होय. केवळ वजन असेल तर तो अनुपस्थित उमेदवारावर केलेला अन्याय होय.

१९७१ साली रोम येथे भरलेल्या बिशपांच्या महासभेने जगातील न्यायाविषयी जे निवेदन काढले, त्यात एक कठोर कसोटी घालून दिली आहे. जो लोकांपुढे न्यायाविषयी बोलू इच्छितो, तो आधी लोकांच्या नजरेत न्यायी असला पाहिजे, असे त्या निवेदनाचे म्हणणे आहे. ख्रिस्तसभेच्या सेवेत राबणाऱ्यांना पुरेसे वेतन मिळाले पाहिजे, हेही तेथेच सांगितले आहे. ही कसोटी कोणत्याही धर्माच्या आणि कोणत्याही विचाराच्या सेवाभावी संस्थेला लागू पडावी अशी आहे.

कोणी म्हणेल, हा कायद्याचा प्रश्न आहे, कायदा पाहून घेईल. कायद्याने काही काळ यात लक्ष घातलेही होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात ‘उद्योग’ या शब्दाचा व्यापक अर्थ लावला आणि अनेक धर्मादाय संस्थांचे कर्मचारी त्या छायेत आले. २०२० साली संसदेने संमत केलेल्या औद्योगिक संबंध संहितेच्या व्याख्येतून मात्र प्रामुख्याने धर्मादाय व सामाजिक सेवा करणाऱ्या संघटनांच्या संस्था वगळण्यात आल्या. कायद्याने हात आखडता घेतला तेथे सदसद्विवेकाची जबाबदारी संपत नाही, वाढते.

या जबाबदारीला फार पैसा लागतो असेही नाही. जाहिरातीत वेतनाचा आकडा लिहावयास काही खर्च येत नाही. आकडा लहान असेल तर तो लहान आहे असे सांगावे, आणि का लहान आहे तेही सांगावे. गरीब माणसाला गरीब संस्था समजते. ज्याने एका दिवसाची मजुरी बुडवून, दोन गाड्या बदलून यावे, त्याला परतीचे भाडे आणि दुपारचे जेवण द्यावे. माणूस आधीच ठरला असेल तर इतरांना बोलावून त्यांच्या आशेचा उपयोग कागद भरण्यासाठी करू नये. पुरुषाला जे विचारणार नाही, ते स्त्रीला विचारू नये. उमेदवारालाही प्रश्न विचारण्याची संधी द्यावी, आणि त्याचे प्रश्न ऐकून त्याची पारख करावी. आणि निवड झाली नाही तर आठवड्याभरात तसे कळवावे. मोबाइलवर दोन ओळींचा संदेश पाठविण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ एका घराची महिनाभराची घालमेल थांबविण्यास लागतो.

उमेदवाराचेही कर्तव्य आहे. काम न आवडल्यास किंवा सरकारी नोकरी लागल्यास आपण जाणार असू, तर ते लपवून अनाथ मुलांच्या संगोपनाची जबाबदारी घेणे बरे नव्हे. लहान मुले माणसांच्या येण्याजाण्याने दुखावतात. मिळणारे वेतन मान्य करून नंतर कामात कुचराई करणे हीदेखील फसवणूकच. परंतु खरेपणा दोन्ही बाजूंनी वाढावा असे वाटत असेल, तर त्याचा आरंभ ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने करावा. खरे बोलल्याने ज्याचे काहीच जाणार नाही, त्याने आधी खरे बोलावे.

द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आपण सारे जाणतो. मजुरांना वेगवेगळ्या वेळी बोलावून शेवटी सर्वांना सारखी मजुरी देणाऱ्या त्या धन्याच्या उदारतेवर आपण अनेक प्रवचने ऐकली आहेत. त्यातील दोन लहान गोष्टी मात्र सहसा निसटतात. पहाटे आलेल्या मजुरांशी त्याने मजुरीचा आकडा आधी ठरविला होता. आणि दिवस मावळतीला आला तरी चौकात उभ्या राहिलेल्यांना त्याने कारण विचारले, तेव्हा कोणी कामाला लावले नाही एवढेच ते म्हणाले. त्या उत्तरावर त्याने विश्वास ठेवला. द्राक्षांवर त्यांचे प्रेम आहे की नाही, हे त्याने विचारले नाही.

गरजेतून आलेला मनुष्य प्रेमाने काम करू शकणार नाही, असे मानण्याला काहीही आधार नाही. आपल्या बहुतेकांच्या आईवडिलांनी पोटासाठीच काम केले. शेतात, कारखान्यात, परक्याच्या स्वयंपाकघरात. त्यांच्या कामातील निष्ठेविषयी आपल्यापैकी कोणालाही शंका नाही. पोटाची गरज आणि हृदयाची ओढ एकाच माणसात सुखाने नांदतात. त्यांतील एक लपविल्याखेरीज दुसरी दाखवता येऊ नये, अशी व्यवस्था आपण का उभारावी?

सेवाभावी संस्था आपल्या वार्षिक अहवालात लाभार्थींची संख्या देतात. जी माणसे तिच्या दारी नोकरी मागण्यास आली आणि रिकाम्या हाती परत गेली, त्यांची नोंद कोणत्याही अहवालात नसते. तीही याच मुलखातली, याच वस्त्यांतली माणसे असतात. त्यांना संस्थेकडून नोकरी मिळाली नाही. पण सन्मान मिळाला की नाही, हे ती गावी जाऊन सांगतात. संस्थेच्या कार्याविषयीची ती पहिली साक्ष असते, आणि गाव तिच्यावर विश्वास ठेवते.